दुरुस्तीला दिलेली खुर्ची

आमच्या गल्लीत शिडी एकच. ती सुतारमामांच्या दारामागे असते. गटार तुंबलं तर लांब सळई नळदुरुस्तीवाल्याकडून आणायची, ड्रिल मशीन सायकलदादाच्या दुकानातून आणि घरी माणसं जास्त झाली तर मोठी पातेली वाण्याच्या माळ्यावरून. आजारपणाच्या वस्तू माझ्याकडे असायच्या. चाकांची खुर्ची, डोक्याकडून वर होणारी लोखंडी खाट, वॉकर, कुबड्यांचे दोन जोड, बेडपॅन, गरम पाण्याच्या पिशव्या. माझ्या मागच्या खोलीत पडद्याआड हे सगळं नऊ वर्षं होतं. आता नाही. का नाही, ते सांगते.

ही सगळी व्यवस्था बाईंची. बाई म्हणजे मुलींच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या आमच्या बाई. गल्लीच्या वरच्या टोकाला, तीन पायऱ्यांच्या घरात राहायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी. बाकीच्या सगळ्या विषयांत माझा आनंदीआनंद होता, पण माझ्या हातचा धावदोरा बघून त्या म्हणाल्या होत्या, "हिला कुणी नापास करू नका, हिचं पोट हिच्या बोटांत आहे." शिवण वाकडी गेली की त्या रागवायच्या नाहीत. नुसतं "उसव" म्हणायच्या. उसवून पुन्हा घातली की विषय संपला. मागचं काढायचं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गल्ली हातात घेतली. एकदा त्यांच्या छताला गळती लागली आणि शिडी मिळवायला त्यांना चार घरं हिंडावी लागली. चारही घरांत शिडी होती. दोघांच्या तुटक्या, एकाची उंचीला अपुरी आणि एकाची इतक्या सामानाखाली दबलेली, की ती काढायला दुसरी शिडी लागली असती. बाई म्हणाल्या, "शिडी वर्षातून दोनदा लागते. उरलेले दिवस ती नुसती उभी असते. नुसतं उभं राहायला वीस घरांत वीस शिड्या कशाला?" तिथून सुरू झालं. वायरमनने कुणाच्या घरचा पंखा बघायचा, त्याच्या मुलाची पँट मी आखूड करायची. सुतारमामींना डोळ्यांनी नीट दिसत नाही तर त्यांची पत्रं कुणी वाचायची, तर बाईंच्या सुनेने. ना सभा, ना वही. बाईंच्या डोक्यात सगळं असायचं.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची चाकांची खुर्ची मागे राहिली. ती विकायचं आम्ही ठरवलं होतं. भेटायला आलेल्या बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "विकू नकोस. गल्लीची कर."

"ठेवू कुठे, बाई?"

"मागची खोली रिकामी झालीच आहे की."

सासूबाईंना जाऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी त्याला दार दाखवलं असतं. पण बाईंपुढे आमचं काय चालणार? खुर्चीमागून खाट आली, खाटेमागून वॉकर. ज्याच्या घरचं माणूस बरं झालं किंवा गेलं, तो वस्तू माझ्याकडे आणून द्यायचा.

मी त्या वस्तू जिवापाड सांभाळल्या, हे मात्र खरं. परत आलेली प्रत्येक वस्तू मी फिनेलच्या पाण्याने पुसायचे, उन्हात ठेवायचे, चाकांना मशीनचं तेल द्यायचे. आणि नेणाऱ्याला विचारायचे. कोणासाठी? किती दिवस? डॉक्टरांनी सांगितलंय की तुमचं तुम्हीच ठरवलंय? घरात उंबरठा आहे का? मला वाटायचं ही काळजी आहे. काळजीच होती, पण तिच्यात हळूहळू दुसरंही काही मिसळत गेलं. कुणी वस्तू न्यायला आलं की मी हातातली शिवण आधी संपवायचे. माणूस दारात उभं. शिवण काही तातडीची नसायची.

मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशीच्या पुढचं, डॉक्टर म्हणाले शस्त्रक्रिया झेपणार नाही, पडून राहू द्या. खाट न्यायला त्यांची सून आली. ही पोस्टात काम करते, गल्ली तिला पोस्टातलीच म्हणते. बोलणं मोजकं, खिडकीतून तिकीट फाडून दिल्यासारखं. जेवणाच्या सुट्टीत धावत आली होती. मी तिला दारात उभं केलं आणि माझी यादी सुरू केली. खाट कुठल्या भिंतीला लावणार, हँडल कोण फिरवणार, गादी कसली घालणार. बाईंच्या घरातली प्रत्येक भिंत मला पाठ होती, तरी मी विचारत होते. तिने सगळ्याची उत्तरं दिली. खाट सायकलदादाने आणि सुतारमामांनी उचलून नेली.

दोन दिवसांनी मी वाण्याकडे गेले. आतल्या बाजूला पोत्यांपाशी वाकून तांदूळ बघत होते, तेवढ्यात बाहेर तिचा आवाज आला.

"वस्तू म्हणे गल्लीच्या. न्यायला गेलं की उलटतपासणी. मालकीण झालीय ती."

वाणी हसला. ती बोलली त्याचं मला जेवढं लागलं नाही, तेवढं तो हसला त्याचं लागलं. हसला म्हणजे त्यालाही तसंच वाटत होतं. म्हणजे सगळ्यांनाच वाटत असणार. ती जाईपर्यंत मी पोत्यांमागेच थांबले आणि तांदूळ न घेता घरी आले.

त्या दिवसापासून मी बाईंकडे जाणं सोडलं. आधी आठवड्यातून दोनदा तरी जायचे. त्या पडल्यानंतर खरं तर रोज जायला हवं होतं. पण तिथे गेलं की सुनेचं तोंड दिसणार. मी मनाला सांगितलं, शाळा सुरू होणार, गणवेशांचा ढीग पडलाय, जरा उसंत मिळाली की जाऊ. गणवेश खरोखरच होते. पण दहा मिनिटं सापडू नयेत इतके नव्हते.

बाईंनी दोनदा निरोप पाठवला. एकदा सुतारमामी म्हणाल्या, "बाईंना काजाचा दोरा हवाय, घेऊन ये म्हणाल्यात." अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काजाचा दोरा कशाला हवा असेल, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. मी दोरा मामींच्याच हाती दिला. दुसऱ्या वेळी नुसतंच "विचारत होत्या" असा निरोप आला. मी म्हटलं, "सांगा, येते." दोन महिने असे गेले.

मग एका गुरुवारी सकाळी पोस्टातली दारात आली. कामावर जायच्या कपड्यांत होती, खांद्याला पिशवी. मी मशीनवर होते. ह्या वेळी मी शिवण अर्ध्यात सोडून लगेच उठले. मनाशी ठरवलंच होतं, ही परत कधी आली तर एक अक्षर विचारायचं नाही. मालकीण काय!

"ताई, चाकांची खुर्ची हवी होती," ती म्हणाली. "रविवारपुरती."

मी विचारायला हवं होतं, कशाला? नेहमी विचारायचे तसं. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हातारीला खुर्चीत बसवून कुठे नेणार, हा प्रश्न त्या दिवशी तरी अगदी रास्त होता. तो माझ्या जिभेवर आलाही होता. मी तो गिळला आणि म्हणाले, "चाक तुटलंय. दुरुस्तीला दिलीय."

"रविवारपर्यंत येईल?"

"सांगता येत नाही."

ती क्षणभर थांबली. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग "बरं" म्हणून गेली. मी परत मशीनवर बसले. आधी मला फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पाच-दहा मिनिटं छान टीप पडली. मग दोरा तुटायला लागला.

संध्याकाळी सायकलदादा हजर. पंक्चर काढण्यापासून मुलांच्या तीनचाकीपर्यंत गल्लीतलं फिरणारं जे काही असेल, ते त्याच्या हाताखालून जातं. हात काळे, हातात नट खोलायचे पाने.

"वहिनी, खुर्चीचं चाक गेलं म्हणे? दाखवा, बघतो."

पडदा ओढलेला होता आणि पडद्याच्या पलीकडे हातभर अंतरावर खुर्ची उभी होती.

"नाहीये इथे. बाहेर दिलीय."

"बाहेर?" त्याने हातातले पाने खाली केले. "बाहेर कुठे? मी असताना?"

"तू कामात होतास."

"मी कधी कामात नसतो, वहिनी?" तो हसला, पण चेहरा उतरला होता. नऊ वर्षं त्या खुर्चीचा एकेक स्क्रू त्यानेच बसवला होता. "असू दे. बाईंसाठी करतो काहीतरी. त्यांना रविवारी बाहेर यायचंय."

इथेसुद्धा मी विचारू शकले असते, बाहेर म्हणजे कुठे. विचारलं तर बोलणं लांबेल आणि मी पकडली जाईन, म्हणून गप्प बसले.

हे घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. हे पाणीपुरवठ्यात आहेत, दिवसभर झडपा उघडायच्या आणि बंद करायच्या. त्यामुळे बोलण्याचीही त्यांना उधळपट्टी नसते. त्यांच्या कानावर वाटेतच सगळं आलेलं होतं. चपला काढल्या, हात धुतले आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन पडदा सारला. खुर्ची जरा तिरकी करून त्यांनी एका बोटाने चाक फिरवलं. ते गरगर फिरत राहिलं.

"छान तुटलंय," हे म्हणाले.

मी वाण्याच्या दुकानातलं सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "ती चुकली असेल. खुर्ची बाईंना हवीय. जा, देऊन ये."

"आता कुठल्या तोंडाने जाऊ? सकाळी सांगितलं, दुरुस्तीला दिलीय."

"ह्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार?"

"उद्या देते. झाली दुरुस्त म्हणून सांगते."

शुक्रवारी सून कामावर असेल, म्हणून मी गेले नाही. शनिवारी कळलं, की सुतारमामा आणि सायकलदादाने मिळून बाईंच्या वेताच्या आरामखुर्चीला पोती ढकलायच्या बुटक्या हातगाडीची छोटी चाकं बसवलीत, पुढे पाय ठेवायला फळीही ठोकलीय. सगळी गल्ली त्या खुर्चीचं कौतुक करत होती. आता माझी खुर्ची नेऊन त्यांच्या दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणी कशाला ओतायचं, असा मी विचार केला. आपल्याला हवी ती कारणं अगदी वेळेवर सापडतात.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला गलका ऐकू आला. माझ्या मशीनसमोरच्या खिडकीतून गल्लीचा चढ पार बाईंच्या घरापर्यंत दिसतो. त्यांना तीन पायऱ्यांवरून उचलून खाली आणलं होतं. अंगावर शाल, केस चापूनचोपून विंचरलेले, पाठ ताठ. शाळेत येताना असायच्या तशाच. मागे सायकलदादा खुर्चीची पाठ धरून, बाजूला सुतारमामा, दुसऱ्या बाजूला सून. लोक दारांत आले होते. हेही बाहेर होते. बाई एकेका दारापाशी थांबत होत्या, हात वर करून काहीतरी विचारत होत्या. वायरमनच्या दारात बराच वेळ थांबल्या. मी उठून दारात जायला हवं होतं. मी मशीनवर पाय ठेवून बसून राहिले, न शिवता.

आमच्या गल्लीत फरशी आहे आणि दर तीन-चार घरांमागे गटाराची लोखंडी जाळी. मोठ्या चाकाच्या खुर्चीला ती जाळी कळतसुद्धा नाही. त्या छोट्या चाकांना कळली. माझ्या घरापासून चार घरांवर पुढचं उजवं चाक जाळीच्या फटीत गेलं, फळी मोडली आणि खुर्ची पुढे झुकली. बाई पडल्या नाहीत. सायकलदादाने त्यांना वरच्यावर धरलं. पण त्या ओरडल्या. मी त्यांचा असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. दुखण्याने म्हणा, भीतीने म्हणा, त्यांचे कपडे ओले झाले. फरशीवरून ओघळ आला. सगळ्यांना दिसलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही बायका, आमच्या मुली, वाणी, वायरमन, सगळे तिथे होते. सुनेने पटकन शाल ओढून त्यांच्या पायांवर टाकली आणि लोकांकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभी राहिली. सायकलदादाने बाईंना लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि चढावर परत निघाला. त्यांनी चेहरा त्याच्या खांद्यात लपवला होता.

ह्यांनी मागे वळून माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पडदा ओढला नाही. तेवढीही ताकद नव्हती.

मंगळवारी मी खुर्ची घेऊन गेले. भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोरून, ती ढकलत. चाकं जाळीवरून अलगद जात होती, आवाजसुद्धा नव्हता. सायकलदादाच्या दुकानावरून जाताना त्याने मला थांबवलं. खाली बसला, चाकाच्या आसाजवळ अंगठा फिरवला. तिथे त्याने स्वतः दोन वर्षांपूर्वी लावलेला निळा रंग होता, नटावर आणि आसावर एकसंध. नट उघडलेला असता तर तो रंग फुटला असता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. फडक्याने अंगठा पुसला आणि म्हणाला, "चांगलं केलंय काम." उठून दुकानात गेला.

सुनेने त्या दिवशी रजा घेतली होती. दार उघडून तिने खुर्चीकडे बघितलं.

"झाली होय दुरुस्त?" ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. "आता नको म्हणतात त्या. खुर्चीचं नावसुद्धा काढू देत नाहीत."

"भेटू का?"

"आत्ताच डोळा लागलाय. बसता का थोडा वेळ?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खाटेच्या टोकाला त्यांची पावलं दिसत होती, चादरीखाली दोन लहान उंचवटे. त्या झोपल्यात ह्याचं मला हायसं वाटलं. जाग्या असत्या तर त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग खुर्चीच्या चाकाकडे पाहिलं असतं, आणि पुढचं मला सांगावंच लागलं असतं. मी म्हणाले, "नको, पुन्हा येईन." खुर्ची त्यांच्या दाराशी ठेवली आणि आले.

पुन्हा गेले नाही. रोज संध्याकाळी ठरवायचे आणि रोज सकाळी काहीतरी निघायचं. त्या रविवारनंतर एकोणीस दिवसांनी, पहाटे झोपेतच बाई गेल्या.

अंत्ययात्रेला गल्ली लोटली होती. मीही होते. रडलेही. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांना वाटत होतं, लाडकी विद्यार्थिनी. तो हात पाठीवर सोसवत नव्हता.

महिनाभर मी कसंबसं काढलं. मग एका रविवारी हे जेवताना म्हणाले, "तिला सांगितल्याशिवाय तुला जेवण जायचं नाही." मी ताट बाजूला सारलं आणि गेले.

पोस्टातली बाईंचं कपाट रिकामं करत होती. खाटेवर कपड्यांचे ढीग घातले होते. तिने मला बसायला स्टूल दिलं. मी बसले नाही.

"चाक तुटलं नव्हतं," मी म्हणाले.

"कुठलं चाक?"

"खुर्चीचं. तू मागायला आलीस तेव्हा खुर्ची मागच्या खोलीतच होती. चांगली होती."

तिच्या हातात घडी घालायची चादर होती. तिने ती घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली, वरून हात फिरवला.

"का?"

"वाण्याच्या दुकानात तू बोललेलं मी ऐकलं होतं. मालकीण झालीय म्हणालीस."

ती आठवायचा प्रयत्न करत होती, ते मला स्पष्ट दिसत होतं. कपाळाला आठी घालून ती कपाटाकडे बघत राहिली.

"मी म्हणाले होते तसं?"

"हो."

"म्हणाले असेन," ती म्हणाली. "त्या दिवसांत मी कुणाला काय बोलत होते, माझं मला ठाऊक नव्हतं. दोन रात्री झोप नव्हती." तिला ते वाक्य आठवतच नव्हतं. मी दोन महिने ज्याच्यावर घर बांधून राहिले, ते ती बोलून तिथेच विसरली होती.

मग ती खाटेच्या कडेला टेकली.

"त्यांना घरोघर जायचं होतं," ती म्हणाली. "दारात नव्हे, आत जाऊन बसायचं होतं; त्या चाकांवर ते जमलं नाही. झोपूनझोपून कंटाळा आला म्हणायच्या. आधी वायरमन, मग सुतारमामा, मग वाणी, असा क्रम लावला होता. मला रोज म्हणून दाखवायच्या. तुमच्याकडे सगळ्यांत शेवटी."

"शेवटी का?"

"मी पण विचारलं. म्हणाल्या, तिच्याकडे वेळ लागेल. ती रुसलीय. शेवटी गेलं म्हणजे उठायची घाई नाही. त्यावर मी म्हटलं, मी ताईंना बोलावून आणते, तुम्ही कशाला त्रास घेता? तर मलाच रागावल्या. रुसलेल्या माणसाला बोलवायचं नसतं, आपण जायचं असतं म्हणाल्या."

मी स्टुलावर बसले.

"तू मला सांगायचं होतंस," मी म्हणाले. "एका शब्दाने सांगितलं असतंस तर…"

"तुम्ही विचारलं नाहीत." तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "दर वेळी विचारता. त्या दिवशी नाही विचारलंत. मला तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, चला, आज तरी सुटले." तिचे डोळे भरले, पण आवाज तसाच होता, मोजका. "मीही सांगू शकले असते. ती चूक माझीही आहे. दोघींच्याही तोंडाला कुलूप, आणि त्या म्हातारीला आम्ही हातगाडीच्या चाकांवर बसवलं."

मी माफी मागितली. शब्द काय वापरले, ते आठवत नाही. ती ऐकत होती. मग उठून तिने दुसरी चादर घडी घालायला घेतली.

"त्या असत्या तर तुम्हाला उसव म्हणाल्या असत्या आणि विषय संपवला असता," ती म्हणाली. "मला तसं जमत नाही, ताई. खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, "नको बोलूस." दोघींपैकी एकीने तरी बोलू नये, एवढं मलाही समजत होतं.

त्याच आठवड्यात मी ह्यांना आणि सुतारमामांना सांगून मागची खोली रिकामी केली. सगळ्या वस्तू, बाईंकडची खाट आणि खुर्चीसुद्धा, सायकलदादाच्या दुकानामागच्या शेडमध्ये गेल्या. मी दारात उभी राहून एकेक बाहेर जाताना बघत होते. कुणी काही विचारलं नाही. सायकलदादाने कुणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही, आणि सुनेचा तर तो स्वभावच नाही. तरी गल्लीला कळलं. असं काही कळायला कुणी सांगावं लागत नाही. वाणी आता माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतो. सायकलदादा त्याची फाटकी पँट अजूनही माझ्याकडेच देतो, पण दारातून देतो. चहाला थांबत नाही. मी काम करून ठेवते, तो घेऊन जातो.

त्याच्या शेडला कुलूप नाही. ज्याला जे हवं ते त्याने न्यावं, झालं की आणून ठेवावं. वस्तू पूर्वीइतक्या स्वच्छ राहत नाहीत. कुबडीचं एक रबर हरवलंय, खाटेचं हँडल गंजायला लागलंय. मी एकदा तेलाची बाटली घेऊन गेले होते. तो म्हणाला, "ठेवा तिथे, मी बघतो." मी ठेवली आणि परत आले.

मागच्या आठवड्यात गल्लीत नवीन राहायला आलेली एक बाई पडदे शिवून न्यायला आली होती. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये, वॉकर कुठे मिळेल विचारत होती. मी शेड दाखवली. ती म्हणाली, "पण मला तर कुणीतरी सांगितलं, वस्तू तुमच्याकडे असतात म्हणून."

"असायच्या," मी म्हटलं.

"मग हलवल्या का? जागा कमी पडली?"

हो म्हणून सुटता आलं असतं. मी मशीन थांबवलं आणि तिला सांगितलं, बाईंपासून सगळं. ती भली बाई होती, ऐकून घेत होती. पण मध्येच तिने घड्याळ पाहिलं, पडद्यांची पिशवी उचलली आणि "नवरा एकटाच आहे घरी" म्हणून निघाली. सांगता सांगता मी गटाराच्या जाळीपर्यंतच पोचले होते.